पोटें फार कीं न्याय थोडा?

जगाची लोकसंख्या २०२२ च्या नोव्हेंबरांत आठशें कोटींवर गेली. तेव्हांपासून कांहीं पोटभरू पंडितांनीं एकच ओरड चालविली आहे कीं, गरिबांच्या घरीं पोरें फार, म्हणून जगाला अन्न पुरणार नाहीं! शेतकऱ्याच्या भुकेचा दोष पूर्वी त्याच्या प्रारब्धावर ढकलीत, आतां त्याच्या पोरांवर ढकलतात. कावा तोच.

हिशेबच पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत शंभर कोटी टनांहून अधिक अन्न वायां गेलें. आणि २०२४ सालीं सुमारें ६७ कोटी माणसें उपाशी होतीं. लोकसंख्या अजून वाढणार, हें आम्ही नाकारीत नाहीं. म्हणूनच पिकती जमीन आणि पाणी राखलें पाहिजे. पण राखतो कोण?

भिवंडी तालुक्यांतील अकलोलीस जाऊन पाहा. वज्रेश्वरीचे यात्रेकरू तेथील ऊन पाण्याच्या कुंडांत बुडी मारतात आणि पुण्य पदरीं पडलें म्हणून परततात. जवळून वाहणाऱ्या तानसा नदीची विचारपूस मात्र कोणी करीत नाहीं. तिच्यावर वरच्या अंगास १८९२ सालीं धरण पुरें झालें. तेव्हांपासून तिचें पाणी मुंबईस जातें. मुंबईनें तहानेलें राहावें असें आमचें म्हणणें नाहीं. पण या खोऱ्यांतल्या कुणबी, आगरी, वारली, कातकरी बांधवांच्या बहुतेक शेतांत भाताचें एकच पीक निघतें. दिवाळीनंतर शेत रिकामें, आणि गरिबानें पोरेंबाळें घेऊन वीटभट्टी गांठायची! मग दलाल दारांत उभा राहतो. भिवंडीभोंवतीं भाताचीं खाचरें बुजवून गुदामें उठलीं, तीं अशींच.

याचा शेवट कोठें होतो? त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांत, जव्हार तालुक्यांतल्या वावर-वांगणी येथें १९९२ सालीं कुपोषणानें बालकें दगावलीं. मुंबईच्या बाजारांत तेव्हां धान्य नव्हतें काय? धान्य होतें, आईबापांच्या हातीं तें घेण्यापुरता पैसा नव्हता.

उपाय नवा नाहीं. ताली-बंधारे घालून पावसाचें पाणी आणि गाळ शेतांतच ठेवा, हें जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत सांगितलें आहे. आमचें सरकारास मागणें तीन गोष्टींचें. ओढ्याओढ्यावर बंधारे घाला, म्हणजे भातामागून ओलीवर वाल-हरभरा होईल. वरकस जमिनींतली नाचणी-वरी रास्त भावानें घेऊन त्याच गांवच्या अंगणवाडींत शिजवा. आणि ग्रामसभेच्या संमतीवांचून पिकत्या जमिनीवर गुदामास परवानगी देऊं नका.

शेतकरी बंधूंनो, तुम्हांसही एक सांगणें आहे. दलालाचे रुपये दोन लग्नांत संपतात. मग त्याच गुदामाच्या दारीं हमाल म्हणून उभें राहावें लागतें. जमीन विकण्यापूर्वीं घरांतल्या कारभारणीस विचारा. चूल तिला पेटवायची असते, आणि गुदामाच्या फरशीवर भात उगवत नाहीं, हें तिला पंडितांहून चांगलें कळतें.