रिकाम्या गिरणीचे फोटो

माझा एक माजी विद्यार्थी बंद पडलेल्या कारखान्यांचे फोटो काढतो. परवा त्याने मला दोन पुस्तकं दाखवली. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याचं १९७० चं 'अनोनिमे स्कुल्प्टुरेन': भट्ट्या, पाण्याच्या टाक्या, माणूस एकही नाही. दुसरं मार्शाँ आणि मेफ्र यांचं २०१० चं 'द रुइन्स ऑफ डेट्रॉइट'.

बेखर मला पटतात. पाडलं जाण्याआधी नोंद राहावी, एवढाच त्यांचा हट्ट. डेट्रॉइटचं पुस्तक मात्र खटकलं. पडकी सभागृहं, ओसाड रेल्वे स्टेशन. आणि त्या वेळी शहरात सात लाखांवर माणसं राहत होती! ती कुठे गेली?

माझे अब्बा मुंबईच्या गिरणीत साचेवाले होते. १९८२ च्या संपानंतर त्यांचं काम गेलं ते गेलंच. तुटलेला साचा फोटोत देखणा दिसतो, पण त्याच्या खडखडाटाने गेलेले कान फोटोत येत नाहीत.

म्हणून त्याला मी तिसरं पुस्तक दिलं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस', गिरणगावच्या कामगारांनी स्वतः सांगितलेला इतिहास. फोटोग्राफरने आधी हे वाचावं, मग कॅमेरा उचलावा.

आता तो मुलाखतीही घेणार आहे. पहिली अब्बांचीच घे म्हटलं, फक्त जरा मोठ्याने बोल.