वजनदार पूर्वज

आपल्याकडे माणूस गेला की त्याचे गुण वाढतात आणि तलवार गंजली की तिचं वजन वाढतं. आमच्या मामांकडे दसऱ्याच्या पूजेत एक तलवार असते. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हा ती दहा शेरांची होती. मी पँटमध्ये आलो तेव्हा वीस किलोंवर गेली. आता माझे केस पिकलेत आणि परवाच्या दसऱ्याला मामा पाहुण्यांना सांगत होते, "चाळीस किलो! आमचे खापरपणजोबा एका हाताने फिरवायचे!"

ती तलवार माळ्यावरच्या पेटीतून काढून पाटावर आणून ठेवली होती मामींनी. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ताम्हन. मामींचं वय सत्त्याहत्तर.

अहो, घरातला भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोंच्या आसपास भरतो. तो एका हाताने डोक्यावर फिरवून वार करून बघा. वार होईल, पण स्वतःच्याच अंगठ्यावर. तलवार उगारायची, हाणायची आणि समोरच्याचा वार यायच्या आत परत आणायची, असं ते काम. म्हणून जगात कुठंही जा, एका माणसाच्या हातातली तलवार बहुधा एक-दीड किलोच्या आगेमागेच. आपली वाकडी तलवार साधारण १ किलोची. सामुराईची कताना, दोन्ही हातांनी धरायची असून, किलो-सव्वा किलोची. युरोपातली रेपियर दिसते सुईसारखी, पण लांब असल्यामुळे तीही तेवढीच भरते. सोळाव्या शतकातले जर्मन भाडोत्री शिपाई जवळजवळ पुरुषभर उंचीची तलवार चालवत, ती २ ते ३॥ किलोंची. याहून जड होत्या, नाही असं नाही. पण त्या मिरवणुकीत मिरवायला! स्कॉटलंडात स्टर्लिंगला विल्यम वॉलेसची म्हणून एक तलवार ठेवली आहे. लांबी ५ फुटांहून जास्त, वजन ३ किलोंच्या आत. ती खरोखर त्याचीच का, याबद्दल जाणकारांना शंका आहे. काट्याला नाही.

मामांचं पुढचं वाक्य तर याहून भारी. मूठ दाखवून ते म्हणतात, "बघ, चार बोटं मावत नाहीत. जुनी माणसं चणीने बारीक!" म्हणजे खापरपणजोबा चाळीस किलो फिरवणारे आणि हात मात्र बालवाडीतले! मूठ मुद्दामच आवळ ठेवतात. हात घसरत नाही, खालची चकती मनगटाला टेकते आणि वार खांद्यातून येतो.

वजन वाढवलं की पूर्वजांचा मान वाढतो, असं मामांना वाटतं. मला तो अपमान वाटतो. ओझं उचलणं ही हमालाची विद्या, तिलाही माझा नमस्कार. पण तलवार हाताला वळायला वर्षं जायची. ती सगळी मेहनत आपण एका थापेत पुसून टाकतो. आणि पोरांना काय शिकवतो? की शौर्य हे राक्षसांचं काम, आपल्यासारख्यांचं नव्हे. किलोभर लोखंड घेऊन मरणासमोर उभा राहणारा तो माणूस तुमच्याआमच्याएवढाच होता हो! भ्यायलाही असेल. तरी उभा राहिला.

हे सगळं मी मामांना सांगितलं. ते ढिम्म. तेवढ्यात खाली रद्दीवाल्याची आरोळी आली. त्याला काट्यासकट वर बोलावलं आणि तलवार टांगली. एक किलो पन्नास ग्रॅम.

"रद्दीवाल्याचा काटा!" मामा गरजले. "तो निम्मंच दाखवतो!"

"बरं मामा, दुप्पट धरू. दोन किलो शंभर."

मामा गप्प झाले. मग त्यांची तिसरीतली पणती पुढे आली आणि तिने आपलं दप्तर त्याच काट्याला अडकवलं. पाच किलो भरलं. मामांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा पणतीकडे, आणि पाहुण्यांना म्हणाले, "बघा! घराण्याचं रक्तच तसं आहे!"