वनस्पतीचीही चाचणी हवी

वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत बाईच्या जिवाशी खेळणारी आहे. १९४०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानकंदापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार केले. गर्भनिरोधक गोळीची वाट त्यातूनच मोकळी झाली. वनस्पतीत एवढी ताकद आहे, म्हणूनच मात्रा किती, औषध थांबवल्यावर पाळी आणि गर्भधारणेची क्षमता पूर्ववत होते का, हे तपासायलाच हवे. जास्वंदीच्या फुलांच्या अर्काने उंदरांच्या माद्यांत गर्भ रुजणे रोखल्याचे प्रयोग आहेत. तेवढ्यावर बाईच्या हाती काढा देता येत नाही. यात आजीबाईच्या बटव्याचा अपमान कसला? उलट त्याला गंभीरपणे घेणे आहे. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न शहरातल्या मराठी मुलींनीही ध्यानात ठेवावे: तिथे उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करते. काढा असो वा कॅप्सूल, डॉक्टरांना आधी सांगा.