गाठ केवढी, त्याआधी गाठ कुठे

‘बल्की युटेरस. अँटिरिअर वॉल इंट्राम्युरल फायब्रॉइड, 28 बाय 24 एमएम. ईटी 8 एमएम. बोथ ओव्हरीज नॉर्मल.’ ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या 46 वर्षांच्या एका काकूंच्या सोनोग्राफीचा हा रिपोर्ट. दवाखान्यात हिंदीत सांगितलं गेलं, ‘बच्चेदानी में गांठ है.’ घरी मराठीत ठरलं, पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल. मूळ इंग्रजी ओळी मात्र कोणी उलगडून सांगितल्याच नाहीत.

‘बल्की’ या शब्दाला बायका फार घाबरतात. गर्भाशय नेहमीपेक्षा मोठं दिसतंय, एवढाच त्याचा अर्थ. दोन-तीन बाळंतपणांनंतर ते थोडं मोठं असतंच. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंची गाठ. मायोमा हे तिचंच दुसरं नाव. ती कर्करोगाची निघणं फार क्वचित घडतं आणि पाळी गेल्यावर ती बहुधा आक्रसते.

सगळ्यांची नजर जाते ती मिलिमीटरवर. खरं तर आधी जागा वाचायला हवी. सबम्युकोझल गाठ आतल्या पोकळीत डोकावते. जेमतेम दोन सेंटिमीटरची असली तरी अंगावरून इतकं जातं की हिमोग्लोबिन पार खाली येतं. सबसिरोझल बाहेरच्या अंगाला वाढते, बरीच मोठी होऊनही कित्येकदा काहीच त्रास देत नाही. इंट्राम्युरल भिंतीत असते. ईटी म्हणजे अस्तराची जाडी. पंचेचाळिशीनंतर रक्तस्राव जास्त किंवा अवेळी होत असेल, तर पिशवीला हात लावण्याआधी अस्तराचा तुकडा तपासायला हवा.

उपायही अनेक आहेत. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, फक्त गाठ काढणारी मायोमेक्टॉमी, गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं एम्बोलायझेशन. आतली लहान गाठ तर पोटावर टाका न घालता दुर्बिणीतून निघते. पिशवी काढणं काहींना खरोखर गरजेचं असतं, ते नाकारण्याचं कारण नाही.

पण ऑपरेशनच्या संमतीपत्रावर ‘टीएएच विथ बीएसओ’ लिहिलं असेल, तर सही करण्याआधी थांबा. टीएएच म्हणजे पोट उघडून संपूर्ण गर्भाशय काढणं. बीएसओ म्हणजे दोन्ही अंडाशयं आणि नळ्याही. रिपोर्टात ‘बोथ ओव्हरीज नॉर्मल’ असताना अंडाशयं का काढायची? पाळी चालू असलेल्या बाईची ती काढली, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ‘उगाच कशाला ठेवायचं’ हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही.

बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढली जात असल्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा, असं राज्यांना बजावलं. मध्य प्रदेशही त्यात आलाच.

याच राज्यात 16 ऑक्टोबर 2022 रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली. मुलांना शरीररचना हिंदीत शिकवता येते, मग सोनोग्राफीच्या रिपोर्टाखाली हिंदीत दोन ओळी लिहिणं काय अवघड आहे? गाठ कुठे आहे आणि अंडाशयं कशी आहेत, एवढंच लिहा. सुरुवात आपल्या ग्वाल्हेरच्या कमलाराजा रुग्णालयाने करावी; गावोगावच्या बायका तिथेच येतात.