विश्लेषण : ‘सरकार राज’ खरेच फसलेला दुसरा भाग होता का?

राम गोपाल वर्मा यांचा ‘सरकार राज’ ६ जून २००८ रोजी प्रदर्शित झाला. ‘सरकार’ची सर याला नाही, हा तेव्हा बसलेला शिक्का अजून पुसलेला नाही. मात्र जमीन, प्रकल्प आणि मोबदला हे शब्द ज्या भागात घरोघरी बोलले जातात, त्या पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातून पाहिल्यास हा थरारपट पहिल्या भागापेक्षा मोठा प्रश्न हाताळताना दिसतो. (पुढे कथेतील रहस्य उघड केले आहे.)

चित्रपटाची कथा काय?

परदेशी कंपनीची प्रमुख अनिता राजन (ऐश्वर्या राय बच्चन) महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मोठा वीज प्रकल्प उभारू पाहते. त्यासाठी हजारो लोकांना गाव सोडावे लागणार असते. सुभाष नागरे ऊर्फ ‘सरकार’ (अमिताभ बच्चन) यांचा पाठिंबा मिळाल्याशिवाय वीटही हलणार नाही, असा सल्ला तिला मिळतो. नागरे आधी तयार नसतात. मुलगा शंकर (अभिषेक बच्चन) त्यांचे मन वळवतो आणि अनितासह गावोगाव फिरतो. मग विरोध पेटतो आणि घातपात सुरू होतात.

आक्षेप कोणते होते?

मुख्य आक्षेप तुलनेचा होता. २००५ चा ‘सरकार’ ‘द गॉडफादर’वरून प्रेरित होता आणि त्याचा धाक नवा होता. दुसऱ्या भागात तोच अंधार, तेच तिरके कॅमेरे, तेच कानठळ्या बसवणारे पार्श्वसंगीत, असे म्हटले गेले. शेवटी सगळा कट संवादातून समजावून सांगितला जातो, हेही अनेकांना खटकले. यातले बरेच खरे आहे. पण या आक्षेपांचा रोख मांडणीवर होता. विषयाकडे फारसे कोणी पाहिले नाही.

वेगळेपण कशात आहे?

पहिल्या भागात सत्तेची लढाई एका कुटुंबाभोवती आणि मुंबईच्या गुन्हेगारी जगाभोवती फिरते. दुसऱ्या भागात ती गावच्या जमिनीवर उतरते. येथे एन्रॉनची आठवण येणे साहजिक आहे. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्प १९९५ मध्ये युती सरकारने रद्द केला, नंतर नव्या अटींवर मान्य केला. १९९९ मध्ये सुरू झालेली वीजनिर्मिती २००१ मध्ये बंद पडली. प्रकल्पाला विरोध आणि पाठिंबा या दोन्हींचे राजकारण कसे होते, हे महाराष्ट्राने त्या काळात पाहिले होते.

‘सरकार राज’चा थरार नेमका याच जागी आहे. प्रकल्पाच्या बाजूने बोलणारा शंकर प्रामाणिक आहे. विरोधाचा झेंडा घेतलेला तरुण नेता संजय सोमजी (राजेश शृंगारपुरे) हा मात्र नागरेंचे गुरू रावसाहेब यांचा नातू, आणि त्याला सरकारच्या जागी बसवण्याचा डाव खुद्द रावसाहेबांचा. ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये गांधीजी साकारणारे दिलीप प्रभावळकर अवघ्या दोन वर्षांनी या भूमिकेत दिसतात. प्रेक्षकाचा विश्वास आधी मिळवायचा आणि मग तोच त्याच्यावर उलटवायचा, यासाठी याहून नेमकी निवड सापडणे अवघड होते.

चाकण पट्ट्याशी याचा संबंध काय?

या पट्ट्याची सगळी वाढ संपादित जमिनीवर झाली आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, त्यानंतर भोसरी, आकुर्डी आणि पुढे चाकण. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झाले आणि मूळ शेतकऱ्यांच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळला. चाकण-राजगुरुनगर परिसरातील विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षे चालली. अखेर २०१६ मध्ये पुरंदरची जागा पुढे आली आणि तिथल्या सात गावांतून विरोध सुरू झाला.

९ ऑगस्ट २०११ ची घटना तर अनेकांच्या डोळ्यांसमोर आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरोधात मावळातील शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊर येथे उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. शहराला पाणी हवे होते आणि शेतकऱ्याला पाण्याची व जमिनीची भीती होती. दोन्ही बाजूंची गरज खरी होती. चित्रपट याच पेचाला तीन वर्षे आधी हात घालतो.

मग उणीव नाही का?

आहे, आणि ती कॅमेऱ्याच्या कोनापेक्षा गंभीर आहे. ज्यांची गावे उठणार, त्यांच्यातील एकही माणूस चित्रपटात नीट बोलत नाही. ते सभेत टाळ्या वाजवतात, मोर्चात घोषणा देतात. पण तेव्हा कायद्यातही त्यांचे स्थान फार वेगळे नव्हते. २००८ मध्ये भूसंपादनाचा मुख्य कायदा १८९४ चा होता. खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची तरतूद २०१३ च्या कायद्याने आणली. जमिनीचे पैसे संपल्यावर घरात काय उरते, हे मराठी पडद्यावर ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ मध्ये ठसठशीतपणे दाखवले. ‘सरकार राज’ जमीन जाण्याआधीच्या बैठकांत थांबतो. या दोन चित्रपटांत मिळून एक पूर्ण गोष्ट दिसते.

आज पुन्हा का पाहावा?

शंकरच्या हत्येनंतर नागरेंचा कारभार हाती घेते ती अनिता. प्रकल्प घेऊन आलेली बाहेरची बाई त्याच घरात बसून निर्णय घेऊ लागते. २०१७ च्या ‘सरकार ३’ने हा धागा सोडून दिला, अनिताचा त्यात मागमूसही नाही. त्यामुळे दुसऱ्या भागाने टाकलेले सर्वांत धाडसी पाऊल विस्मरणात गेले. गावाच्या जमिनीबद्दलची बोलणी कोणत्या खोलीत होतात आणि त्या खोलीत गावचा माणूस असतो का, हे पाहण्यासाठी ‘सरकार राज’ला दोन तास देण्यास हरकत नाही. नव्या संपादनाची नोटीस हातात पडलेल्या घराला तर ही गोष्ट जुनी वाटणार नाही.