श्वास मोजणे हाही प्रयोगच आहे

साध्या लंबकाचा प्रयोग तुम्ही केला असेल. दोऱ्याला गोळी टांगायची, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि विसाने भागायचे. वीसच का? एकच आंदोलन मोजले, तर घड्याळाचे बटण दाबायला झालेला उशीर साऱ्या उत्तराची माती करतो. वीस मोजली की तीच चूक वीस ठिकाणी वाटली जाते. हे तुम्हाला तोंडपाठ असते. पण घरी धाकट्या बहिणीला खोकला झाला, तिची छाती भराभर वरखाली होऊ लागली, तर तिचे श्वास मिनिटाला किती पडतात हे आपल्यापैकी किती जण मोजतील? आठवी-नववीच्या प्रात्यक्षिकांत लंबकाच्या शेजारी हा प्रयोग यायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी मालाडला राहतो आणि पदार्थविज्ञान शिकवतो. पावसाळा लागला की मालवणीत काय, कुरारला काय, दवाखान्यापुढे कडेवर मुले घेतलेल्या आयांची रांग लागते. पुष्कळ घरांत आई-वडील दोघेही सकाळची चर्चगेट गाडी पकडतात, आणि तापलेल्या भावंडापाशी उरते ते तुमच्याच वयाचे दादा किंवा ताई. म्हणजे शुश्रूषा तुम्ही करतच आहात. फक्त ती शिकवलेली नाही.

आता श्वासांचेच पाहू. फुप्फुसात अगदी लहान लहान वायुकोश असतात. न्यूमोनियात त्यांतले काही द्रवाने भरतात व फुप्फुस ताठर होते. मग एका श्वासात आत जाणारी हवा कमी पडते. मिनिटाला लागणारी हवा म्हणजे एका श्वासातली हवा गुणिले श्वासांची संख्या. पहिला आकडा घटला की शरीर दुसरा वाढवते. इतके हे सोपे गणित आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने खोकला झालेल्या मुलांसाठी मर्यादा ठरवल्या आहेत : दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील, तर ते जलद समजायचे आणि मुलाला वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यायचे.

या मोजणीने किती जीव वाचतात याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत न्यूमोनिया ओळखण्याचे व त्यावर औषध देण्याचे काम गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुइणींना शिकवले. यातल्या अनेक सुइणींना लिहिता-वाचता येत नव्हते. पन्नास-साठपर्यंत मोजणार कशा? त्यासाठी एक साधन तयार झाले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी तान्ह्या बाळांसाठी व दुसरी मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ओळीतले मणी संपले, तर श्वास जलद! पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत यापेक्षा सुंदर उपकरण मी फारशी पाहिलेली नाहीत. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गावातल्या सेवकांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ होते, जिथे हे काम नव्हते तिथे ते शेकडा १३.५ होते.

कोणी म्हणेल, पूर्ण मिनिट कशाला, पंधरा सेकंद मोजू आणि चाराने गुणू. इथेच लंबकाचा धडा उपयोगी पडतो. पंधरा सेकंदांत एक श्वास कमी-जास्त मोजला गेला, तर उत्तरात चारचा फरक पडतो. बारा श्वास मोजले तर ४८, तेरा मोजले तर ५२; मधला ५० हा आकडा तुम्हाला कधी मिळणारच नाही! शिवाय लहान मुलाचा श्वास घड्याळासारखा एकसारखा चालत नाही. तेव्हा पूर्ण एक मिनिट मोजायचे, मूल शांत असताना, झगा वर करून पोटाकडे पाहत. रडणाऱ्या मुलाचे मोजमाप रद्द.

तापाची गोष्टही अशीच. कपाळाला हात लावून 'फार तापलंय' म्हणण्याची आपली जुनी रीत. गरम, थंड व कोमट पाण्याच्या तीन वाट्यांचा प्रयोग तुम्हाला आठवत असेल : दोन हातांना तेच कोमट पाणी वेगवेगळे लागते. नुकतीच भांडी घासून आलेल्या आईचा गार हात आणि चुलीपाशी बसलेल्या आजीचा ऊन हात एकच ताप कसा सांगतील? तापमापी हवीच. वर्गात 'घरी तापमापी आहे का?' म्हटले की पुष्कळ हात वर होतात. 'वाचता कोणाला येते?' म्हटले की निम्मे खाली येतात. काखेत धरलेली तापमापी तोंडातल्यापेक्षा जरा कमी आकडा दाखवते, हेही ठाऊक असावे. डॉक्टरांना आकडा सांगताना कुठे मोजला ते सांगावे.

आणि मिठाच्या पाण्याच्या घड्या? एक हिशेब करून पाहा. दहा किलो वजनाच्या मुलाचे तापमान एक अंश सेल्सियसने उतरवायला सुमारे ३५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता ओढली जाते. म्हणजे जेमतेम पंधरा ग्रॅम पाणी उडाले की काम झाले! कागदावर उत्तम. पण जुलै महिन्यात मालाडच्या ज्या खोलीत दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तिथे कपाळावरच्या घडीतले पाणी उडणार किती? त्यातून ताप हा मेंदूने वर चढवून ठेवलेल्या पातळीमुळे येतो. बर्फाच्या पाण्याने अंग पुसले, तर मूल कुडकुडते आणि शरीर जास्तच उष्णता निर्माण करते. घडीने मुलाला बरे वाटत असेल तर साध्या पाण्याची जरूर ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. औषध डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेले, तेवढेच. अंगावर गोधड्यांचा ढीग नको. मीठ घातल्याने त्या पाण्यात काही विशेष गुण येतो, हे मला पटलेले नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, तर मात्र घड्या, काढे काही नको. सरळ रुग्णालय गाठा.

जुलाबात तर मोजमाप म्हणजेच औषध. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोजचे पाणी पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. आतड्यात ग्लुकोज शोषले जाताना सोडियमला बरोबर नेते व त्यांच्या मागोमाग पाणी जाते, हे त्याचे मर्म. २००२ पासून प्रचारात असलेल्या सूत्रात एक लिटर पाण्यासाठी एकूण २०.५ ग्रॅम क्षार व ग्लुकोज असते. हे पाकीट दोन पेल्यांत ढवळले, तर द्रावण इतके तीव्र होते की फायद्याऐवजी अपाय होतो. अर्धे पाकीट आज, अर्धे उद्या हेही नको. पूड सारखी मिसळलेली असेलच असे नाही. लहान पाकिटेही मिळतात, तेव्हा पाकिटावर छापलेले पाण्याचे माप आधी वाचा. तुमच्या घरचा पेला किती मिलिलिटरचा आहे हे आजच एक लिटरच्या बाटलीने मोजून ठेवा. पाणी चमच्या-चमच्याने पाजायचे, ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करायचे. अंगावरचे दूध तोडायचे नाही. 'जुलाबात पाणी देऊ नये' असे सांगणारी मोठी माणसे अजून भेटतात. त्यांच्याशी नम्रपणे पण ठाम राहा.

एक मोजमाप असे आहे की ते मिनिटांत नाही, महिन्यांत होते. बहुतेक बाळे दोन महिन्यांच्या सुमारास ओळखीचे हसतात, चौथ्या महिन्याच्या सुमारास मान धरतात, नवव्यापर्यंत आधाराशिवाय बसतात, दीड वर्षापर्यंत चालतात. थोडे मागेपुढे होतेच. पण अंतर वाढत चालले, आवाजाकडे बाळ वळतच नाही, तर 'त्याचे बाबाही उशिराच बोलले' म्हणून वर्ष घालवणे मला अक्षम्य वाटते. ऐकू न आल्यामुळे बोलणे खुंटले असेल तर ते जितके लवकर कळेल तितके चांगले. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली. २०१३ च्या फेब्रुवारीत विरारपलीकडच्या पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मतः असलेले व्यंग, कमतरता, रोग आणि विकासातील विलंब या चारही गोष्टी अठरा वर्षांपर्यंत तपासणे हा त्याचा हेतू. शिक्षकांनी हे पालकांना सांगावे.

काही शिक्षकमित्र म्हणतात, मुलांना अर्धवट डॉक्टर करू नका. मी म्हणतो, मोजणे म्हणजे औषध देणे नव्हे. मूल काही पीत नाही, सारे ओकून टाकते, झटके येतात, सुस्त पडून राहते, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, यांपैकी एकही खूण दिसली तर मोजत बसायचे नाही, निघायचे. झटके आलेल्या मुलाला कांदा हुंगवू नये, तोंडात काही कोंबू नये, कुशीवर वळवावे. इतर वेळी मात्र 'फार धापा टाकतोय' याऐवजी 'मिनिटाला चौपन्न, दोनदा मोजले' असे सांगणारा दादा डॉक्टरांना हवाच असतो.

प्रयोगाला साहित्य म्हणाल तर सेकंदकाट्याचे घड्याळ आणि घरातले एक धाकटे भावंड. ते झोपलेले असताना तीन वेळा मोजून सरासरी काढा. मग खेळून आल्याबरोबर पुन्हा मोजा. हा दुसरा आकडा निदानाला चालणार नाही, पण तो किती वेळाने पहिल्यावर उतरतो याचा आलेख काढून वहीत चिकटवा.