लिंडनर शिवी देत नाही

'अ रेझिन इन द सन' हा वर्णद्वेषाचा नव्हे, कुठल्याही कुटुंबाचा सिनेमा आहे, हे कौतुक आम्ही खूप ऐकले. आम्हाला ते मान्य नाही. शोषिताची ओळख पुसल्याशिवाय त्याचे दुःख 'वैश्विक' होत नाही, ही कसली समीक्षा? सवर्णांच्या पडक्या वाड्यावरचे नाटक मात्र जातीसकट वैश्विक असते!

लॉरेन हॅन्सबेरीचे हे नाटक 1959 साली ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेले तिथले ते पहिले नाटक. शिकागोच्या कोंदट खोल्यांत राहणाऱ्या यंगर कुटुंबाला मृत बापाच्या विम्याचे 10,000 डॉलर मिळतात आणि आई त्यातून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. मग कार्ल लिंडनर दारात येतो. आवाज मऊ. आमचा कुणावर राग नाही, पण आपापल्या लोकांत राहिलेले बरे. घर आम्हालाच विका, वर पैसेही देतो. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत बाबासाहेबांना बाहेर काढायला माणसे लाठ्या घेऊन आली होती. लिंडनर पैसे घेऊन येतो. आज आडनाव ऐकताच "फ्लॅट कालच गेला हो" म्हणणारा घरमालक याच लिंडनरचा भाऊ आहे. शिवी नसल्याने ॲट्रॉसिटीची कलमेही त्याला सहज लागत नाहीत.

1961 च्या चित्रपटात सिडनी पॉटिए वॉल्टर झाला. बहुतेक पैसे बुडालेले असतानाही तो लिंडनरला नकार देतो, कुटुंब सामान उचलते, आणि प्रेक्षक सुखावतो. त्या नव्या घरात पुढे काय होणार, हे हॅन्सबेरीला पक्के ठाऊक होते. 1937 साली तिच्या वडिलांनी गोऱ्या वस्तीत घर घेतले तेव्हा बाहेर जमाव जमला, फेकलेला दगड छोट्या लॉरेनला थोडक्यात चुकला. वडील कोर्टात लढत होते आणि आई रात्री भरलेले पिस्तूल घेऊन घरात पहारा देत होती. 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, पण कायद्याच्या तांत्रिक मुद्द्यावर. कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचे करार बेकायदा ठरवले नाहीत.

पटकथाही हॅन्सबेरीनेच लिहिली. घराबाहेरच्या शहरातला भेदभाव दाखवणारे नवे प्रसंग तिने त्यात घातले होते. स्टुडिओने त्यातले बरेच गाळले, आणि कॅमेरा बहुतेक वेळ त्याच खोल्यांत राहिला. म्हणजे 'कौटुंबिक' सिनेमा कात्री लावून घडवलेला आहे.

अभ्यासवर्गात हा चित्रपट जरूर दाखवा. शेवटच्या टाळ्यांवर मात्र थांबू नका. लिंडनरचा प्रवेश पुन्हा लावा आणि आपल्यापैकी किती जणांनी तो भाडेकराराच्या वेळी ऐकला आहे, ते विचारा.